पुस्तकं आणि तंत्रज्ञान: या दोन्हींवर लिहून पोट भरतं का?

तुम्ही लिहिलंय त्याचा गोषवारा असा. वय सत्तावीस, मूळचे परभणीचे, हिंजवडीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, लहानपणापासून वाचनाचं वेड. आता नोकरी सोडून पुस्तकं आणि तंत्रज्ञान या विषयांवर मराठीत पूर्णवेळ पत्रकारिता करावी असं मनात आहे. घरी कर्ज नाही, पण धाकट्या बहिणीचं शिक्षण तुमच्याकडे आहे. कोर्स करावा का, मराठीत लिहावं की इंग्रजीत, एआयमुळे हे काम उरणार का आणि पहिला लेख कुणाला पाठवायचा, हे तुमचे चार प्रश्न.

मी १९९८ साली एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत मुद्रितशोधक म्हणून लागले. पुस्तकांचं पान माझ्याकडे आलं ते दुसऱ्या कुणाला नको होतं म्हणून. संगणकाचं सदर आलं ते पुरवणी विभागात कीबोर्डला न घाबरणारी मी एकटीच होते म्हणून. पुढची सगळी वर्षं या दोन योगायोगांतून निघाली. त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुम्ही विचारताय नोकरी सोडण्याबद्दल, पण मला अडचण वेगळीच दिसते. तुमच्या डोक्यात हे दोन वेगळे विषय आहेत: सोमवारी कादंबरीचं परीक्षण, गुरुवारी नव्या मोबाइलचा कॅमेरा. असं केलंत तर दोन्हीकडे गर्दीत शेवटचे उभे राहाल. परीक्षणं लिहायला मराठीचे प्राध्यापक आहेत, आणि त्यांना मानधनाची फारशी फिकीर नसते. मोबाइलबद्दल सांगायला यूट्यूबवर अख्खी फौज बसली आहे. रिकामी जागा आहे ती या दोन्हींच्या मध्ये. पुस्तक कसं बनतं, कसं विकलं जातं, त्यावर कुणाचा हक्क असतो, ते कुठे हरवतं आणि त्यात यंत्राचा हात कुठे असतो. इथे मराठीत लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. आणि इथे तुमची टेस्टिंगची सवय एखाद्या एम.ए.च्या पदवीपेक्षा जास्त कामाला येईल. कशी ते सांगते.

२००० नंतरची काही वर्षं आठवा. तुम्ही तेव्हा प्राथमिक शाळेत असाल. मराठी वर्तमानपत्रं इंटरनेटवर आली ती आपापला फॉन्ट घेऊन. पडद्यावर 'क' दिसायचा, पण आत साठवलेला असायचा भलताच इंग्रजी अक्षराचा आकडा. फॉन्ट असेल तर मराठी, नसेल तर कचरा. पुढे प्रत्येक अक्षराला सगळीकडे एकच ठरलेला आकडा देणारं युनिकोड रुळलं, फॉन्ट बदलले, साइट नव्यानं बांधल्या, आणि त्या काळातला कितीतरी मजकूर शोधयंत्राच्या दृष्टीनं मेला. माझे स्वतःचे पाच-सहा वर्षांचे लेख त्यात गेले. माझ्याकडे कात्रणं आहेत म्हणून ते आहेत.

जे वाचलं ते रूपांतर करून वाचलं, आणि रूपांतराची गंमत ऐका. सह्याद्रीतल्या भटकंतीवरच्या एका पुस्तकाचं मी परीक्षण लिहिलं होतं. त्यात 'सह्याद्रीतल्या दऱ्या' असा उल्लेख दहा-बारा वेळा होता. जुन्या फॉन्टातून युनिकोडमध्ये येताना आमच्या कार्यालयातल्या कुणाच्या तरी प्रोग्रामनं सगळ्या 'दऱ्या'चं 'दर्या' केलं. सह्याद्रीत समुद्र! एका निवृत्त शिक्षकांनी पोस्टकार्ड पाठवलं, "बाईंनी भूगोल पुन्हा पाहावा." मला राग आला तो नंतर, आधी कुतूहल वाटलं. म्हणून शोधत गेले आणि कळलं की हा पापणीसारखा दिसणारा अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. एक प्रकार नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या 'ऱ'ला हलन्त (पाय मोडायचं चिन्ह) जोडून. दुसरा साध्या 'र'ला हलन्त आणि त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह देऊन. डोळ्यांना दोन्ही सारखेच, संगणकाला दोन वेगळे शब्द. एखाद्या ई-पुस्तकात 'कऱ्हाड' शोधलंत आणि निम्म्याच जागा सापडल्या, तर आता कारण तुमच्या लक्षात येईल.

यावर मी आठशे शब्दांचा लेख लिहिला. मराठीतल्या एका मोठ्या कादंबरीच्या परीक्षणाला आली नसतील इतकी पत्रं त्याला आली. जुळारी, ग्रंथपाल, कोशाचं काम करणारे, आणि एक अंध वाचक. त्या वाचकाचं म्हणणं असं होतं: अंधांना वाचता येतील अशा प्रतींची वाट मोकळी करणारा मराकेश करार झाला २०१३ मध्ये, त्याला मान्यता देणारा भारत जगातला पहिला देश, २०१४ साली. अंधांसाठी पुस्तकाची वाचता येईल अशी प्रत करायला आपल्या कायद्यात २०१२ पासूनच मुभा आहे. आणि प्रकाशकानं सौजन्यानं पाठवलेली पीडीएफ मात्र जुन्या फॉन्टातली, पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीनरीडर ती उघडून असंबद्ध इंग्रजी अक्षरं बडबडत बसतो. कायद्यानं दिलं आणि फॉन्टनं काढून घेतलं. ही बातमी साहित्याची की तंत्रज्ञानाची? माझ्या संपादकांनाही ठरवता येईना. शेवटी ती आतल्या पानावर, शिक्षणाच्या मथळ्याखाली गेली.

तर अशा बातम्या तुम्हाला दिसतील, कारण एखादी गोष्ट मोडेपर्यंत वापरून पाहायची तुम्हाला सवय आहे. एक काम सुचवते. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले. आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं राहतो आणि ती वर्षं पुढच्या जानेवारीपासून मोजतात, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून त्यांची पुस्तकं कुणालाही छापायला मोकळी झाली. त्यामुळे त्यांच्या एकेका पुस्तकाच्या किती तरी ई-आवृत्त्या दुकानात दिसतात. त्यातल्या चार-पाच घ्या, जुन्या छापील प्रतीशेजारी ठेवा आणि एकच प्रकरण ओळीनं तपासा. कुठे परिच्छेद गळलाय, कुठे जोडाक्षर फुटलंय, कुठे शोध चालत नाही. तुमच्या कामाच्या भाषेत बग रिपोर्ट करा, आणि मग तो रिपोर्ट माणसाला वाचावासा वाटेल असा लिहा. हे तुम्ही नोकरी सांभाळून दोन शनिवारांत करू शकता.

दुसरा धागा हक्कांचा. मला एकदा एका काकांनी फोनवर विचारलं, "माझ्याकडे साडेतीनशे ई-पुस्तकं आहेत. माझ्यानंतर ती मुलीला मिळतील का?" मी म्हटलं, बघून सांगते. बघायला म्हणून अटी वाचल्या आणि पंधरा दिवस त्यातच गेले. आपण 'विकत घ्या' हे बटण दाबतो, पण अॅमेझॉनच्या किंडलसारख्या ई-पुस्तकांच्या दुकानात मिळतो तो वाचण्याचा परवाना, तोही दुसऱ्याला न देता येणारा. २००९ च्या जुलैमध्ये अॅमेझॉननं ऑर्वेलची दोन पुस्तकं ग्राहकांच्या किंडलवरून परस्पर पुसली होती. विकणाऱ्याकडे हक्कच नव्हते म्हणून. त्यातलं एक '१९८४' होतं, जुना मजकूर पुसून टाकणाऱ्या सत्तेवरची कादंबरी, त्यामुळे जगभर हसं झालं आणि कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये आपलं ई-पुस्तकांचं दुकानच बंद केलं. पैसे परत दिले, पण पुस्तकं गेली. काकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे मी इतकी वर्षं वाचनालयाची वर्गणी भरत होतो म्हणा की." माझ्या लेखाचा मथळा त्यांनी दिला.

किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली २०१६ च्या डिसेंबरात. पुस्तकं ऐकवणारं स्टोरीटेल हे अॅप २०१७ च्या अखेरीस भारतात आलं आणि मराठी ऑडिओबुकं खूप निघू लागली. मग मला लेखकांचे फोन येऊ लागले: माझं पुस्तक कुणीतरी वाचून दाखवतंय, मला पैसे मिळायला हवेत ना? याचं उत्तर कराराच्या कागदात असतं, आणि आपल्याकडे पुष्कळदा करार म्हणजे पोस्टकार्डावरच्या दोन ओळी. म्हणून १९५७ चा कॉपीराइट कायदा एकदा मुळातून वाचा, निदान कलम १८, १९ आणि ५२. हक्क हस्तांतरित करताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात. जे माध्यम कराराच्या वेळी अस्तित्वात किंवा व्यापारी वापरात नव्हतं, त्याचा हक्क नाव घेऊन दिल्याशिवाय गेला असं मानता येत नाही, असं २०१२ च्या दुरुस्तीत आलं. जुन्या करारांबाबत मात्र वकिलाला विचारल्याशिवाय एक ओळही लिहू नका. मी एकदा लिहिली होती. खुलासा छापावा लागला, आणि तो लेखापेक्षा जास्त लोकांनी वाचला.

आता आकड्यांबद्दल, कारण या क्षेत्रात सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. 'महिन्यात तिसरी आवृत्ती' ही बातमी नाही. आवृत्ती म्हणजे किती प्रती? पूर्वी निदान हजार असा समज होता, मग पाचशे झाल्या, आणि मागणीनुसार छपाई आल्यापासून शंभरांचीसुद्धा आवृत्ती निघते. शिवाय मजकुरात काही बदल नसेल तर ते पुनर्मुद्रण. एका कार्यक्रमात सांगितलेला विक्रीचा आकडा मी जसाच्या तसा छापला होता, दुसऱ्या दिवशी त्याच पुस्तकाच्या लेखकानं फोन करून विचारलं, "बाई, मला रॉयल्टी याच्या एक चतुर्थांश प्रतींची मिळाली आहे, तुम्हाला बाकीच्या कुठे दिसल्या?" तेव्हापासून मी प्रकाशकाला विचारलेला प्रश्न बाइंडरला आणि वितरकालाही विचारते. तिघांचे आकडे जुळले तर छापते. पुण्यात अप्पा बळवंत चौकातल्या पुस्तकांच्या दुकानांच्या मागच्या खोलीत बसून चहा घेतलात तर प्रकाशन समारंभांपेक्षा जास्त कळेल. वाचनालयांची अनुदानं आली की खरेदी कशी वाढते, कुठली पुस्तकं फक्त त्या खरेदीसाठीच छापली जातात, हेही तिथेच कळेल. जीएसटीसारख्या रुक्ष विषयातही बातमी असते. छापील पुस्तकावर कर शून्य, तर ई-पुस्तकावर आधी अठरा टक्के. २०१८ च्या जुलैमध्ये तो पाचावर आणला, पण ज्याची छापील आवृत्ती आहे अशाच ई-पुस्तकांसाठी. थेट ई-पुस्तक काढणाऱ्या नवोदिताचं काय, हा प्रश्न तेव्हा मराठीत कुठे छापलेला मला दिसला नाही.

पैसे. इथे परिस्थितीचा भाग मोठा आहे, म्हणून ठोस आकडा देत नाही. माझ्या पहिल्या परीक्षणाचे दीडशे रुपये आले होते, चार महिन्यांनी, मनीऑर्डरनं. आजही नुसत्या परीक्षणांवर घर चालत नाही. मी नोकरी सोडून स्वतंत्र झाले तेव्हा नवऱ्याची बँकेतली नोकरी होती. हे न सांगता 'मी धाडस केलं' म्हणणं खोटेपणाचं होईल. आज माझी मिळकत पाच-सहा ठिकाणांहून येते: एक साप्ताहिक सदर, दिवाळी अंक, अनुवाद, तांत्रिक पुस्तिकांचं संपादन, कार्यक्रमांत मुलाखती घेणं. दिवाळी अंकाचं काम जूनमध्ये सुरू होतं आणि मानधन बऱ्याचदा पुढच्या जानेवारीत हातात पडतं. बहिणीची फी त्या भरवशावर ठेवता येत नाही. तेव्हा निदान दीड-दोन वर्षं नोकरी करत लिहा. वर्षभराचा खर्च बाजूला पडला आणि महिन्याला निदान दोन ठिकाणांहून आपणहून काम येऊ लागलं, की मग सोडण्याचा विचार करा. बहिणीचं शेवटचं वर्ष कधी आहे तेही त्या हिशेबात धरा.

एका बाबतीत मात्र परिस्थिती काहीही असो, माझं मत बदलत नाही. ज्याच्याकडून पैसे घेतले त्याच्याबद्दल बातमी लिहायची नाही. हे क्षेत्र लहान आहे. ज्या प्रकाशकाचं संपादन करता त्याचंच पुस्तक पुढच्या महिन्यात परीक्षणाला येतं. मी सरळ नाही म्हणते, किंवा फारच महत्त्वाचं पुस्तक असेल तर संबंध लेखातच सांगते. परीक्षणासाठी आलेली पुस्तकं वर्षातून एकदा एका तालुक्याच्या वाचनालयाला देते. उपकरण आलं तर काम झाल्यावर परत. समाजमाध्यमांवर भेटवस्तू किंवा मोबदला घेतला असेल तर तसं लिहावं, असं जाहिरात क्षेत्राच्या स्वनियमन परिषदेनं २०२१ पासून सांगितलं आहेच. आणि 'साभार पोच' या सदराला कमी लेखू नका. मी तीन वर्षं फक्त तेच केलं: आलेल्या प्रत्येक पुस्तकाचं नाव, लेखक, प्रकाशक, पानं, किंमत. कोण काय छापतंय, किंमत पानामागे किती पडते, हे त्यातूनच डोक्यात बसलं.

कोर्सबद्दल थोडक्यात. रानडे इन्स्टिट्यूटसारख्या ठिकाणी बातमी लिहायची शिस्त, माध्यम कायदे आणि आयुष्यभराचे दोस्त मिळतात. हे कमी नाही, पण हा विषय तिथे वेगळा शिकवणार नाहीत. नोकरी सोडून फक्त कोर्ससाठी जाऊ नका.

मराठी की इंग्रजी, तर इंग्रजीत पैसे बरे आणि स्पर्धाही तशीच. मराठीत लिहिलंत तर माहिती तुम्हालाच खणून काढावी लागते, कारण कंपन्यांची पत्रकं इंग्रजीत येतात आणि त्यांची मराठी भाषांतरं वाचवत नाहीत. मी दोन्ही केलं. टिकले ते मराठीमुळे, कारण 'दर्या'सारखी बातमी इंग्रजीत कुणी घेतली नसती. शब्दांचा एकच नियम पाळते: माझ्या वाचनालयातल्या ग्रंथपाल बाई जो शब्द बोलतात तो वापरायचा. त्या 'संगणक' म्हणतात, 'डाउनलोड' म्हणतात, 'संकेतस्थळ' फक्त अर्जात लिहितात.

एआयचं काय? मलपृष्ठावरचा मजकूर फिरवून लिहिलेली परीक्षणं आधीही होती, ती लिहिणाऱ्यांची पंचाईत आहे खरी. मला स्वतःला लिप्यंतर आणि मुलाखतींच्या कच्च्या नोंदी करताना या साधनांचा उपयोग होतो. मात्र त्यांनी दिलेलं प्रत्येक नाव आणि सन मी पुन्हा तपासते, कारण मराठी पुस्तकांबाबत ती बेधडक थापा मारतात. पण तुमच्यासाठी एआय हाच बातमीचा विषय आहे. २०२४ च्या नोव्हेंबरात एएनआय या वृत्तसंस्थेनं आपला मजकूर परवानगीशिवाय वापरला म्हणून चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात दावा लावला, आणि पुढच्या जानेवारीत भारतीय प्रकाशकांच्या महासंघानं आपलंही म्हणणं ऐकावं म्हणून अर्ज केला. २०२५ मध्ये अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं चोरट्या साठ्यांतून उतरवलेल्या पुस्तकांबद्दल दीड अब्ज डॉलरची तडजोड केली, पुस्तकामागे साधारण तीन हजार डॉलर. ती बातमी आली त्या आठवड्यात मला तीन मराठी लेखकांनी विचारलं, आम्हाला किती मिळतील? ती तडजोड अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयात नोंद झालेल्या पुस्तकांपुरती होती. तिघांपैकी कुणीच तशी नोंद केली नव्हती. त्यातल्या एकानं विचारलं, "मग माझी पुस्तकं घेतली की नाही, हे तरी कळेल का?" हा लेख मी अजून लिहिलेला नाही. तुम्हाला हवा असेल तर घ्या.

राहिला पहिला लेख कुणाला पाठवू हा प्रश्न. साने गुरुजींच्या ई-आवृत्त्यांचं काम जमलं तर आठशे ते हजार शब्दांत लिहा, दोनच उदाहरणं ठेवा, बाकीची हाताशी असू द्या, कारण संपादक विचारतील. त्या पुस्तकांच्या ई-प्रकाशकांना आधी लिहून त्यांची बाजू मागवा आणि उत्तर आलं नाही तर 'आलं नाही' असं लेखात लिहा. मग एका वेळी एकाच ठिकाणी पाठवा, रविवार पुरवणी किंवा 'साधना'सारखं साप्ताहिक. तीन आठवडे थांबा. फोन करायचाच तर दुपारी बाराच्या सुमारास. संध्याकाळी सहानंतर पानं लागत असतात, तेव्हा केलेला फोन लोकांच्या लक्षात राहतो आणि ते चांगलं नसतं. फाइल युनिकोडमध्ये पाठवा, सोबत पीडीएफ जोडा. डेस्कवर कुणीतरी ती जुन्या फॉन्टात बदलून घेईलच, तेव्हा छापून आल्यावर सगळ्यात आधी सगळे 'ऱ्या' तपासा.